बिनदाराचा बंगला

रामटेके कंट्रोलरनी आपल्या मुलीसाठी आलेलं पहिलं स्थळ "टक् झालं नाई" एवढंच सांगून परत पाठवलं होतं. मुलगा शिकलेला, नोकरीला, दिसायलाही बरा. मागणंही काही नव्हतं. मुलाकडची मंडळी पोहे खाऊन उठली आणि थेट नवेगावपर्यंत एकमेकांना विचारत गेली, की टक् म्हणजे काय? मुलाच्या मामांना वाटलं, हा इकडचा काही विधी असेल आणि तो आपल्याकडून राहून गेला.

टक् म्हणजे विधी नव्हे. प्लास्टिकच्या खेळातल्या दोन विटा एकमेकींवर नीट बसल्या की जो बारीक आवाज होतो, तो टक्. रामटेके साऱ्या जगाला हीच एक परीक्षा लावत. कुकरचं झाकण, विहारातलं भाषण, नवे आगारप्रमुख, जावई, सगळ्यांना. मी त्यांच्या घराची पुढची खोली भाड्यानं घ्यायला गेले तेव्हा त्यांनी मला नाव-गाव विचारलं नाही. माझं कुलूप मागितलं, कडीत घातलं, कान लावून दाबलं आणि म्हणाले, "झालं टक्. राहा."

हे रामटेके अर्जुनी मोरगावच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. उंच, किडकिडे, चष्म्याला दोरी. घरात त्यांचा आवाज स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत पोचत नसे आणि माइकवर तोच आवाज बाजार ओलांडून माझ्या शाळेत यायचा. माइकवर ते अगदी पुस्तकी मराठी बोलत. "नवेगावमार्गे देवरीला जाणारी बस फलाट क्रमांक एकवर उभी आहे, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." एवढं म्हणून झालं की बटण बंद करायचं असतं. हे ते नेहमीच विसरत. मग त्याच आवाजात सगळ्या गावाला ऐकू येई, "अगा ए, दाराले कायले लटकून रायला? उतर खाली." आमच्या वर्गातल्या मुली वह्यांत तोंड घालून हसत.

मी त्या शाळेत गणित शिकवते. मूळची गोंदियाची. दोन हजार चारच्या जूनमध्ये बदली होऊन इथं आले. नवरा नोकरीमुळे नागपूरला, म्हणजे आठवडाभर मी एकटी आणि शेजारी रामटेके नवरा-बायको. मुलगी एव्हाना टक् होऊन बल्लारपूरला नांदत होती. माझा स्वभाव मी आधीच सांगून टाकते. उत्तर बरोबर असून भागत नाही, मला रीत लागते. कोणी काही विचित्र करताना दिसलं की का करतो हे विचारल्याशिवाय मला जेवण जात नाही.

पहिल्याच रविवारी अंगणात सुपाचा आवाज आला. मला वाटलं, शकुनवहिनी तांदूळ पाखडताहेत. बाहेर येऊन पाहते तर कंट्रोलर साहेब लुंगी-बनियनवर बसून सूप हलवताहेत आणि सुपात लाल, निळ्या, पिवळ्या प्लास्टिकच्या विटा. मोठ्या विटा पुढं येत, बारीक मागं राहत. मधूनच एखादा बाहुलीचा हात किंवा मोटारीचं चाक निघे, ते तांदळातल्या खड्यासारखं बाजूला टाकलं जाई. पलीकडे बाजेवर धुतलेल्या विटा वाळत होत्या. घमेल्यात रिठ्याचं पाणी आणि त्यात एक म्हातारा टूथब्रश. "जयभीम मॅडम," ते म्हणाले. "पाखडून रायलो."

वहिनींनी सुपाच्या बाबतीत एकदाच भांडण केलं होतं आणि ते जिंकलंही होतं. पाहुण्यांच्या ताटात भातातून एक निळी वीट निघाली. पाहुण्यांनी ती मुकाट्यानं ताटाच्या कडेला ठेवली, जणू अर्जुनीत अशीच पद्धत असावी. त्या दिवसापासून घरात दोन सुपं झाली, आणि बांधकामाच्या सुपाला लाल दोरा बांधला गेला.

बांधकाम हा त्यांचाच शब्द. ठोकळे, खेळ असलं ते कधी म्हणत नसत. विटा, स्लॅब, पाया. यावरून एकदा मोठी गंमत झाली. पानठेल्यावर कोणी विचारलं, "काय कंट्रोलर, काय चालू हाय?" हे म्हणाले, "गोंदियाहून विटा आल्या. रविवारपासून बांधकाम काढून रायलो." सोमवारी ग्रामपंचायतीचा शिपाई परवानगीचा कागद विचारायला आला. मंगळवारी पलीकडचे शेजारी हातात टेप घेऊन हद्द मोजायला आले. दोघांनाही रामटेक्यांनी आत नेऊन टेबलावरचं बांधकाम दाखवलं. शिपायानं ते चारही बाजूंनी पाहिलं आणि विचार करून म्हणाला, "एवढ्याले कर नाई लागत." शेजारी मात्र टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाले, की तरीपण भिंतीपासून थोडं सोडून बांधा.

हा नाद त्यांना लहानपणी होता, मग तीसेक वर्षं सुटला आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी परत लागला. परत लागायचं कारण खर्रा. आमच्याकडे माणूस एक वेळ उपाशी राहील, पण सुपारी-तंबाखूचा तो घोटलेला खर्रा सोडणार नाही. रामटेक्यांच्या तोंडात पांढरा डाग दिसला आणि डॉक्टरांनी दटावलं. यांनी त्याच दिवशी सोडला. पण खर्रा घोटणारे हात रिकामे झाले. ते हात चैन पडू देईनात. ड्यूटीवर तिकिटांचे गठ्ठे सोडून परत बांधत, घरात वहिनींच्या बरण्यांची झाकणं उघडत आणि लावत. शेवटी वहिनीच वैतागून म्हणाल्या, "त्या माळ्यावरच्या तुमच्या इटा काढा अन् काहीतरी करत बसा."

माळ्यावरून पत्र्याचा डबा निघाला. डब्यात चारेकशे विटा आणि सगळ्या लाल.

खर्ऱ्याचे वाचतील तेवढ्यातच बांधकाम, असा त्यांनी स्वतःला नियम घातला. तेवढ्यात दुकानातला नवा डबा कुठला यायला? म्हणून महिन्यातून एकदा कामानिमित्त गोंदियाला गेले की ते भंगारवाल्याकडे जात. तो मोडक्या खेळण्यांचं पोतं यांच्यासाठी बाजूला ठेवी. "कंट्रोलर साहब, आपका माल अलग रखा है," म्हणे आणि लोखंडाच्याच काट्यावर किलोनं देई. पण हे आंधळेपणानं घेणारे नव्हेत. गणवेशाच्या खिशात शिट्टीशेजारी एक जुनी लाल वीट असे. पोत्यातली एकेक वीट तिच्यावर दाबून, आवाज ऐकून, मगच पसंत होई. वरातीचे बँडवाले थांबवून त्यांनी भंगाराच्या दुकानात टक् ऐकल्याचं एक कंडक्टर शपथेवर सांगत असे. मी ते निम्मं खरं मानते.

आता एवढ्या सगळ्यातून जे उभं राहायचं, त्याबद्दल मी त्यांची फार चेष्टा केली. एकाही इमारतीला दार नसे. खिडकी नसे. दाराच्या जागी नेमक्या मापाचं भोक सोडलेलं. बसस्थानक बांधलं, त्यालाही तसंच. मी विचारलं, "यात माणसं जाणार कुठून?" ते म्हणाले, "जागा सोडली हाय." मी येण्याआधीच्या बुद्धपौर्णिमेला त्यांनी विहारात ठेवायला हातभर उंच स्तूप केला. लोकांनी फार वाखाणला. दार नसलेलं त्यांचं तेवढंच एक बांधकाम कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही.

बाकीच्या इमारती महिना-दोन महिन्यांत मोडल्या जात. एक बंगला मात्र कायम होता. सगळा त्या जुन्या लाल विटांचा. त्यात भंगारातली एकही वीट घातलेली नव्हती. त्याची हकीकत त्यांनी मला विटा घासता घासताच सांगितली.

त्यांचे वडील गोंदियात एका रेल्वे अधिकाऱ्याच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. साहेबाची बदली झाली तेव्हा मुलांची खेळणी कोण बांधून नेतो म्हणून बाईंनी हा डबा वडिलांच्या हातात दिला. घरी दोन भाऊ. हे थोरले, आणि चार वर्षांनी धाकटा सुखदेव. दोघं मिळून एकच गोष्ट बांधायचे, तोच साहेबाचा बंगला. "मागची बाजू हुबेहूब होये," रामटेके म्हणाले. "पुढची अंदाजे. पुढून आमी कधी गेलोच नाई ना."

पुढं वडील वारले. दोघांची लग्नं झाली आणि गावाकडच्या घराची वाटणी झाली. वाटणीची आमच्याकडे जुनी रीत आहे. थोरल्यानं वाटे मांडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. मांडणाऱ्यानं डावं-उजवं केलं तर त्याचं तोच भोगील. धानाच्या बांध्या वाटल्या, भांडी वाटली, विळे आणि उखळसुद्धा झालं. मग पंचांच्या नजरेला माळ्यावरचा डबा पडला आणि तोही वाटा म्हणाले, मागून तंटा नको. रामटेक्यांनी त्याचे दोन ढीग केले. एकात सगळ्या लाल विटा. दुसऱ्यात मूठभर पांढऱ्या आणि दारं-खिडक्या. सुखदेवनं मूठभराचा ढीग उचलला.

भांडण त्या दिवशी झालं नाही. आठवड्यानं झालं. कोणीतरी सुखदेवच्या कानाशी लागलं, की थोरला पानठेल्यावर हसत होता, लहान्याले चार खिडक्या देऊन गुंडाळला म्हणे. तेवढ्यावरून सुखदेव बायको घेऊन देवरीला सासुरवाडीला गेला. तिथं सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि त्याला आता सोळा वर्षं झाली. ना जाणं, ना येणं. मुलीच्या लग्नाची पत्रिका पोस्टानं गेली, तिचं उत्तर पोस्टानंही आलं नाही.

मी ही हकीकत ऐकली आणि जुनी गोष्ट म्हणून सोडून दिली. दिवाळीला नागपूरच्या एका प्रदर्शनात मला विटांचा एक स्वस्तातला डबा दिसला. त्यात पांढरी दारं होती, खिडक्याही होत्या. मी मोठ्या उत्साहानं आणला. रामटेक्यांनी दोन्ही हातांनी घेतला, वहिनींना हाक मारून दाखवला, विटा एकेक करून वाजवल्या. महिनाभरात त्यातल्या विटांचं धरण झालं. दारं-खिडक्या मात्र डब्यातच. विचारलं तर म्हणाले, "माप नाई जुळत मॅडम."

मापाचं नाव काढलं नसतं तर मी गप्प बसले असते. ते ड्यूटीवर गेले असताना मी वहिनींना सांगून आत गेले, वर्गातली पट्टी काढली आणि मोजलं. तंतोतंत जुळत होतं. एक दार बंगल्याच्या भोकात घालूनही पाहिलं. अलगद बसलं. काढून परत डब्यात ठेवलं आणि संध्याकाळची वाट पाहत ओसरीवर बसले. खोटं पकडलं की मला जो आनंद होतो, तो मी लपवत नाही.

रामटेके आले, त्यांनी पाय धुतले. मी म्हटलं, "माप जुळतं की. मी पट्टी लावून पाहिलं." मला वाटलं, चिडतील किंवा हसण्यावारी नेतील. ते खांबाला टेकून खाली बसले.

"खोटं बोललो जी," ते म्हणाले. "मले दार नाई पायजे मॅडम. मले सुखदेवचं दार पायजे."

मग माझा आनंद कुठल्या कुठं गेला. मी म्हटलं, तर मग जा ना देवरीला. रोज तीन वेळा देवरीची गाडी पुकारता. एकदा तिच्यात बसा. ते म्हणाले, त्यानं बोलणं बंद केलं. मी म्हटलं, तुम्ही सुरू करा, तुम्ही थोरले. त्यावर त्यांनी मान हलवली. "थोरल्याचं काम मांडाचं. मी पत्रिका धाडलो, मांडून ठेवलो. उचलाचं काम लहान्याचं हाय." सोळा वर्षं हा माणूस वाटणीचा नियम पाळत बसला होता. मला हसू आलं आणि लगेच ते बरोबर नाही असंही वाटलं.

पुढच्या फेब्रुवारीत माझं तीन दिवसांचं प्रशिक्षण देवरीला निघालं. मी ही बातमी वहिनींना सांगितली, त्यांना नाही. पण सकाळी गाडीत बसले तर रामटेके खिडकीखाली येऊन उभे. चौकशीची खिडकी सोडून. इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या. चिचगडपर्यंत रस्ता बरा आहे म्हणाले. मग ड्रायव्हरनं गाडी चालू केली तेव्हा म्हणाले, "देवरीले चौकाजवर एक सायकलचं दुकान हाय. हवा चांगली भरते म्हणतात." माझ्याकडे सायकल नव्हती हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुकान सापडायला काहीच त्रास झाला नाही. लांबूनच रामटेक्यांचा किडकिडा सांगाडा आणि तीच लांब हनुवटी स्टुलावर बसलेली दिसली. हवा मात्र तो भरत नव्हता. एक बाई पदर खोचून पंप मारत होती आणि हा स्टुलावरून सांगत होता, बस, बस, आता आणखी दोन. उजवा हात मांडीवर ठेवलेला. बोलताना तो हात हलत नव्हता.

मी सांगितलं, मी अर्जुनीची. रामटेके कंट्रोलरच्या घरी भाड्यानं राहते. बाईचा पंप थांबला. सुखदेव रस्त्याकडे पाहतच म्हणाला, "वंदना, मॅडमले चहा मांड."

सुखदेवला वर्षापूर्वी लकवा मारून गेला होता. तोंड सरळ झालं, पाय चालता झाला, हात तेवढा राहिला. त्याच्या बायकोनं हे चहा ओतताना सांगितलं, कोरड्या आवाजात, रोज गिऱ्हाइकांना सांगून सवय झाल्यासारखं. थोरल्याला कळवलं का, मी विचारलं. तिनं नवऱ्याकडे बोट केलं. "यायनं नाई म्हटलं."

मी लाल बंगल्याची गोष्ट काढली. दाराच्या भोकांची, भंगारवाल्याची, खिशातल्या विटेची. वाटणीच्या दिवशी तुम्ही तो लहानसा ढीग का उचललात, असंही विचारलं. तो पहिल्यांदा हसला.

"दादा भिंती उचले, दारं-खिडक्या मी लावो," तो म्हणाला. "त्याच्या हातानं दार कधी लागलंच नाई. वाकडंच बसे. वाटे मांडले तवा त्यानं सगळ्या खिडक्या एका बाजूले टाकल्या. पंच म्हणे, हा वाटा कोन उचलन? मले माहीत होतं ना, कोनासाठी टाकला."

"मग ते हसले म्हणून लोकांनी सांगितलं, त्याचं काय?"

"तो नाई हसला. मले तवाच समजाले पायजे होतं. समजलं तवा लई उशीर झाला, मंग लाज वाटे." त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून नीट ठेवला. "आता थोरल्यानं येऊन मांडल्याबिगर लहान्यानं उचलावं कसं?"

मी कप खाली ठेवला. दोन भाऊ एकाच बापाकडून एकच नियम शिकले होते आणि त्याच्या दोन टोकांना बसून होते. दोघांची रीत बरोबर होती आणि उत्तर सोळा वर्षं येत नव्हतं. पत्रिका पोस्टानं टाकणं म्हणजे मांडणं नव्हे, असं सुखदेवचं म्हणणं होतं. मांडायला माणूस समोर लागतो. वंदनानं आतल्या पेटीतून एक कापडी पिशवी आणून दाखवली. सगळं जसंच्या तसं, मूठभर पांढऱ्या विटा, दोन दारं, अकरा खिडक्या. मी म्हटलं, द्या माझ्याजवळ, उद्या पोचतं करते. सुखदेव म्हणाला, वाटणीचा माल तिसऱ्याच्या हातानं जात नाही. निघताना त्यानं एवढंच बजावलं, की दादाला हाताचं सांगू नका.

मी शब्द पाळणारी बाई आहे. हा पाळला नाही, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

परतीच्या गाडीतून उतरले ती सरळ कंट्रोलरूममध्ये गेले. रामटेके साकोलीच्या गाडीची घोषणा करायला बसले होते. मी सगळं सांगितलं. ऐकताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, समोरच्या वेळापत्रकाकडे पाहत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, कोणता हात? मी म्हटलं, उजवा. त्यांनी माइकचं बटण दाबलं आणि साकोलीची गाडी देवरीची म्हणून पुकारली. मग बटण तसंच राहिलं. आणि सगळ्या बसस्थानकानं, बाजारानं, बहुधा माझ्या शाळेनंही ऐकलं, "मले कोनी सांगलं नाई. एक वर्स झालं, मले कोनी सांगलं नाई."

साकोलीच्या गाडीचा ड्रायव्हर विचारायला खाली उतरला, तो दारातूनच परत गेला. मी हात लांब करून बटण बंद केलं.

त्यानंतरच्या रविवारच्या सुटीला त्यांनी सोमवार जोडून घेतला. पण रविवारी सुटी असूनही सकाळी माइकवर तेच होते. देवरीची गाडी पुकारली, माइक सहकाऱ्याच्या हातात दिला आणि जाऊन तिच्यात बसले. मांडीवर लाल दोऱ्याचं सूप, सुपात बंगला, त्यावर दुपट्टा झाकलेला. शेजारी शकुनवहिनी, पिशवीत जावेसाठी नवं लुगडं. कंडक्टरनं विचारलं, साहेब, सुपात काय? ते म्हणाले, घर हाय. दोघांचं तिकीट फाडून तो पुढं गेला.

सोमवारी दुपारी दोघं परत आले. सूप रिकामं होतं. मी शाळेतून येऊन पर्सही न ठेवता ओसरीवर बसले. रामटेक्यांनी सांगितलं ते असं. दुकानासमोर उतरले, सूप सुखदेवच्या स्टुलापुढं ठेवलं, दुपट्टा काढला आणि म्हणाले, मांडलं गा, उचल. सुखदेवनं बायकोला पिशवी आणायला सांगितलं. जावा आत जाऊन रडत बसल्या आणि हे दोघं बाहेर जमिनीवर बंगल्याला बसले.

"एक दार लागलं," रामटेके म्हणाले.

"दिवसभरात एक?"

"डाव्या हातानं लावून रायला होता ना. दोनदा हातातून पडलं. तिसऱ्यांदा जोर लागला अन् बाजूची भिंतच निघाली. भिंत मी परत बांधलो. भिंतीचं काम माझं हाय." त्यांनी चष्मा काढून दोरीला सोडला. "दाराले मी हात नाई लावलो मॅडम. दुपार सरली, पन नाई लावलो. तो एक डोळा माझ्या हाताकडं ठेवून होता. मी हात पुढं केला असता तं त्याले वाटलं असतं, का याच्या लेखी बी माझा हात गेला."

वहिनी आतून चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. इतके दिवस मी या माणसाची जी चेष्टा केली होती, त्यातली एकही गोष्ट मला आठवू नये असं वाटलं. मी विचारलं, बंगला कुठं आहे? तिथंच ठेवला, ते म्हणाले. अजून एक दार आहे, खिडक्या आहेत. दर रविवारी एक लागली तरी फार झालं.

पुढच्या रविवारी मी नागपूरच्या गाडीसाठी बसस्थानकावर होते. रामटेके देवरीच्या गाडीत खिडकीशी बसलेले दिसले. मांडीवर सूप नाही, पिशवी नाही, हात नुसतेच गुडघ्यांवर. मी जवळ जाऊन विचारलं, "आज काही न्यायचं नाही?"

"काई नाई जी," ते म्हणाले. "त्याच्याजवर बसाचं हाय फक्त."